लेनोरमाँ पत्त्यांवर नातं वाचताना: घरच्या कॅटपासून सुरुवात

शकुन पाहायच्या पत्त्यांपैकी टॅरो हे नाव आता बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. लेनोरमाँ मात्र मराठीत फार थोड्यांना माहीत आहे. नात्यांबद्दलचे प्रश्न घेऊन बसणाऱ्या नवख्या माणसाला आम्ही आधी लेनोरमाँच सुचवतो. टॅरोत ७८ पत्ते, आणि प्रत्येक पत्त्यावर बारीकसारीक खुणांनी भरलेलं चित्र. इथे पत्ते फक्त ३६ आणि प्रत्येकावर एकच गोष्ट: अंगठी, घर, पत्र, कुत्रा, ढग. एकटा पत्ता इथे काहीच सांगत नाही. दोन-तीन पत्ते शेजारी आले की त्यांचं वाक्य होतं, आणि ते वाक्य समोरच्याला सरळ म्हणून दाखवता येतं. नात्यात अडकलेली गोष्ट सुटायला बरेचदा असं एक सरळ वाक्यच कमी पडत असतं.

या पत्त्यांचा जन्म जर्मनीतला. न्यूरेंबर्गच्या योहान कास्पार हेख्टेल यांनी १७९९च्या सुमारास ‘आशेचा खेळ’ या नावाचा एक बैठा खेळ काढला. ३६ पत्ते सहा बाय सहा असे मांडायचे, फासे टाकायचे आणि सोंगट्या पुढे न्यायच्या. ३५व्या घरातल्या गलबताच्या नांगरावर पोचणारा जिंकायचा. याच पत्त्यांवर शकुनही पाहता येतो, हे त्या खेळाबरोबरच्या माहितीतच होतं. मारी अ‍ॅन लेनोरमाँ (१७७२ ते १८४३) ही पॅरिसमधली नामांकित भविष्यवेत्ती. तिच्या मृत्यूनंतर प्रकाशकांनी तिचं नाव या पत्त्यांना जोडलं. तिने स्वतः हा कॅट वापरल्याचा पुरावा नाही, त्यामुळे ‘लेनोरमाँची गुप्त विद्या’ म्हणून कुणी काही विकत असेल तर पैसे देण्याआधी थांबा.

पत्त्यांना पुढचं कळतं, असं सिद्ध झालेलं नाही. इथे शिकायचं ते वेगळं आहे: नात्यातला नेमका प्रश्न कसा विचारायचा, समोर आलेल्या तीन-चार शब्दांवरून त्याकडे दुसऱ्या बाजूने कसं पाहायचं, आणि जे दिसलं ते कसं मांडायचं.

पत्ते विकत घ्यायची घाई नको

छापील कॅट ऑनलाइन मिळतात. त्यातला जुन्या धाटणीचा ‘ब्लू आउल’ नवख्यांना चांगला, कारण त्याची चित्रं साधी आहेत. पण पहिल्या महिन्यात घरातला नेहमीचा पत्त्यांचा कॅट पुरतो. लेनोरमाँच्या प्रत्येक पत्त्याला खेळातलं एक पान ठरलेलं आहे. जुन्या छापील पत्त्यांवर ते वरच्या भागात काढलेलंही असतं. ५२ पानांतून चारही रंगांच्या दुर्री, तिर्री, चव्वी आणि पंजी अशी १६ पानं काढून टाकली की बरोबर ३६ उरतात. दोन्ही जोकर जपून ठेवा, पुढे लागतील.

आता प्रत्येक पानावर नाव लिहायचं. कंसातला आकडा हा त्या पत्त्याचा लेनोरमाँमधला क्रमांक.

बदाम: छक्की तारे (१६), सत्ती झाड (५), अठ्ठी चंद्र (३२), नव्वी घोडेस्वार (१), दश्शी कुत्रा (१८), गुलाम हृदय (२४), राणी करकोचा (१७), राजा घर (४), एक्का पुरुष (२८).

चौकट: छक्की क्लोव्हर, म्हणजे शुभ मानलं जाणारं चार पानांचं रोपटं (२), सत्ती पक्षी (१२), अठ्ठी किल्ली (३३), नव्वी शवपेटी (८), दश्शी पुस्तक (२६), गुलाम मोठा विळा (१०), राणी वाटेचा फाटा (२२), राजा मासे (३४), एक्का सूर्य (३१).

इस्पिक: छक्की मनोरा (१९), सत्ती पत्र (२७), अठ्ठी बाग (२०), नव्वी गलबताचा नांगर (३५), दश्शी जहाज (३), गुलाम लहान मूल (१३), राणी पुष्पगुच्छ (९), राजा लिली (३०), एक्का स्त्री (२९).

किलवर: छक्की क्रूस (३६), सत्ती उंदीर (२३), अठ्ठी डोंगर (२१), नव्वी कोल्हा (१४), दश्शी अस्वल (१५), गुलाम चाबूक (११), राणी साप (७), राजा ढग (६), एक्का अंगठी (२५).

डोंगर, उंदीर, चाबूक, साप, ढग, कोल्हा, क्रूस असे बहुतेक अडचणीचे पत्ते किलवरात आहेत, आणि अंगठीही त्यांच्यातच आहे. हृदय मात्र बदामात. प्रेम आणि बांधिलकी हे दोन वेगळे विषय आहेत, हे या कॅटने रंगांतच वाटून ठेवलंय. वाचतानाही ते वेगळेच ठेवा. ‘आमचं प्रेम आहे का’ हा हृदयाचा प्रश्न आणि ‘आमचं लग्न टिकतंय का’ हा अंगठीचा.

नाव परमनंट मार्करनेच लिहा. प्लॅस्टिकच्या मुलाम्यावरून स्केचपेनची शाई बोटाला लागून पुसली जाते. लिहिल्यावर दहा मिनिटं पानं पसरून ठेवा, नाहीतर एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उतरते. पातळ कागदी कॅट असेल तर मार्कर आरपार दिसतो, आणि एकदा पाठीवरून पत्ता ओळखू आला की तो कॅट बाद. कागदी चिकटपट्ट्या लावू नका. पानं जाड होतात आणि पिसताना तीच हाताला लागतात.

आधी तेरा पत्ते

सगळे ३६ अर्थ एका दिवसात पाठ करायला गेलात तर चार दिवसांत सगळे एकमेकांत मिसळतील. नात्यासाठी पहिल्या आठवड्यात हे तेरा पुरेत.

पुरुष आणि स्त्री म्हणजे प्रश्नातली दोन माणसं. हृदय म्हणजे जिव्हाळा, ओढ. अंगठी म्हणजे बांधिलकी: लग्न, साखरपुडा, करार, कर्जाचा हप्ता, जे सहजी सोडता येत नाही ते सगळं. कुत्रा म्हणजे विश्वासाचा माणूस, मित्र. घर म्हणजे वास्तू आणि घरची माणसं, त्यात सासर-माहेर दोन्ही आलं. पत्र म्हणजे लिहिलेला मजकूर, आजच्या काळात व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेलही. पक्षी म्हणजे तोंडी बोलणं, गप्पा आणि त्यामागची घालमेल. चाबूक म्हणजे पुन्हापुन्हा होणारं भांडण. काही वाचक त्यात शरीरसंबंधही धरतात. उंदीर म्हणजे रोज थोडीथोडी झीज, कुरतडणारी काळजी. डोंगर म्हणजे अडथळा, न हलणारी गोष्ट. नांगर म्हणजे स्थैर्य, आणि शेजारी पत्ता वाईट असला तर तेच अडकून पडणं. साप म्हणजे गुंता, वळणावळणाचा मार्ग. जुन्या वाचनात दुसरी स्त्रीही.

सापाशी, कुत्र्याशी, उंदराशी आपल्या मनात आधीच काही जोडलेलं असतं. नागपंचमी, गणपतीचं वाहन, ‘कुत्रा’ ही शिवी यांतलं काहीही इथे आणू नका. इथला कुत्रा कॅटमधल्या सर्वांत चांगल्या पत्त्यांपैकी एक आहे. शवपेटी पाहून घाबरायचं कारण नाही. नात्याच्या प्रश्नात ती एखादी गोष्ट संपल्याचं सांगते, आणि ‘चाबूक, शवपेटी’ म्हणजे भांडण मिटणं, ही चांगली बातमी. टॅरोची सवय असलेल्यांचं चंद्रापाशी चुकतं. तिथला चंद्र भ्रमाचा. इथला भावनांचा आणि मानाचा.

दुसऱ्या आठवड्यात उरलेले घ्या, थोडक्यात असे: घोडेस्वार येणारी बातमी किंवा माणूस, क्लोव्हर छोटं नशीब, जहाज दूर अंतर आणि प्रवास, झाड तब्येत आणि सावकाश वाढ, ढग गोंधळ, पुष्पगुच्छ भेट आणि आनंद, विळा अचानक तुटणं, मूल नवी आणि छोटी सुरुवात, कोल्हा स्वार्थ आणि धूर्तपणा, अस्वल अधिकार गाजवणारं माणूस, तारे आशा, करकोचा बदल, मनोरा संस्था, ऑफिस आणि एकटेपण, बाग चारचौघांतली जागा, फाटा निवड, पुस्तक गुपित, लिली वडीलधारेपण आणि शांतता, सूर्य यश, किल्ली खात्री, मासे पैसा, क्रूस ओझं.

पहिला पत्ता विषय, दुसरा विशेषण

मराठी वाचक सर्वांत जास्त इथे अडखळतात, म्हणून जरा थांबून पाहू. दोन पत्त्यांच्या जोडीत डावीकडचा पत्ता विषय सांगतो आणि उजवीकडचा तो विषय कसा आहे ते सांगतो. आपण बोलताना विशेषण आधी लावतो: ‘झिजलेलं प्रेम’. त्यामुळे ‘उंदीर, हृदय’ दिसलं की जीभ आपोआप ‘झिजलेलं प्रेम’ म्हणून जाते. ते चूक. ‘उंदीर, हृदय’मध्ये विषय आहे काळजी, आणि ती प्रेमाची: माणूस प्रेमावरून मनात कुढतोय. ‘झिजलेलं प्रेम’ म्हणायला पत्ते ‘हृदय, उंदीर’ असे पडायला हवेत. पहिल्यात प्रेम शाबूत आहे आणि शंका त्रास देते आहे. दुसऱ्यात प्रेमालाच उतरती कळा लागली आहे. दोन्हींचे सल्ले अगदी उलटे निघतील.

सवय लागेपर्यंत प्रत्येक जोडीला दोन प्रश्न विचारा: ‘काय?’ आणि ‘कसं?’ किंवा ‘कशाचं?’. हृदय, पुस्तक: काय? प्रेम. कसं? न सांगितलेलं. पुस्तक, हृदय: काय? गुपित. कशाचं? प्रेमाचं. कुत्रा, साप: काय? मित्र. कसा? सरळ नसलेला. साप, कुत्रा: काय? गुंता. कशाचा? मित्राचा. रोज सकाळी दोन पत्ते काढून हे मोठ्याने म्हणायला पाच मिनिटं लागतात, आणि पुस्तकी अर्थ घोकण्यापेक्षा त्याने कितीतरी लवकर हात बसतो.

टॅरोत उलट्या पडलेल्या पत्त्याचा अर्थ बरेचजण वेगळा धरतात, ती भानगड इथे नाही. पिसण्याआधी सगळी पानं एकाच बाजूने करून घ्या.

प्रश्न असा ठरवा

प्रश्न कागदावर लिहा आणि पत्त्यांना हात लावण्याआधी त्यात तीन गोष्टी आहेत का ते पाहा: कोणाबद्दल, कोणत्या बाबतीत, किती दिवसांत. ‘आमचं काय होणार?’ या प्रश्नाला कुठलेही पत्ते उत्तर म्हणून चिकटवता येतात, म्हणून तो निरुपयोगी. ‘येत्या दोन आठवड्यांत आमच्या दोघांच्या बोलण्यात काय आड येतंय?’ हा चालतो.

‘त्याच्या मनात काय आहे?’ हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा प्रश्न. गैरहजर माणसाचं मन पत्त्यांवरून ठरवलं की आपण पुढे त्याच्याशी त्या ठरवलेल्या मनाप्रमाणे वागू लागतो, आणि त्या बिचाऱ्याला त्याची खबरही नसते. हाच प्रश्न ‘त्याच्याशी मी कोणत्या गोष्टीवर बोलायला हवं?’ असा फिरवा. ‘ती परत येईल का?’च्या जागी ‘ती गेल्यापासून मी कशाला धरून बसलो आहे?’ असं विचारा. हो-नाही उत्तराचे प्रश्न सुरुवातीला टाळाच. ३६ पत्त्यांतले बरेच पत्ते दोन्हीकडे झुकतात, आणि आपण आपल्याला हवं तेच ऐकतो.

तीन पत्त्यांची ओळ

नवा कॅट एकातून एक सुटत नाही आणि पानं क्रमाने लागलेली असतात. पहिल्या वेळी सगळी पानं एकेक करत सात ढिगांत वाटा, ढीग उलटसुलट गोळा करा आणि मग नेहमीसारखे पिसा. पुढच्या वेळी आठ-दहा वेळा पिसलं तरी पुरतं. प्रश्न एकदा मोठ्याने म्हणा, डाव्या हाताने कापा की उजव्या, काही फरक पडत नाही, आणि वरचे तीन पत्ते डावीकडून उजवीकडे उघडा.

समजा प्रश्न आहे: ‘गेल्या महिन्यापासून आमचं बोलणं कशामुळे तुटक झालं आहे?’ पत्ते आले: पक्षी, मनोरा, उंदीर.

आधी पहिली जोडी. पक्षी, मनोरा: काय? बोलणं. कसं? मनोऱ्यासारखं, म्हणजे अंतर राखून, ऑफिसातल्यासारखं कामापुरतं. मग दुसरी जोडी. मनोरा, उंदीर: काय? एकटेपण, किंवा ऑफिस. कसं? कुरतडणारं. आता तिन्ही मिळून एक वाक्य: ‘आपलं बोलणं कामापुरतं उरलंय आणि त्यातून आलेला एकटेपणा रोज थोडाथोडा खातोय.’ मनोऱ्याचा अर्थ ऑफिस घ्यायचा की एकटेपण, हे पत्ता सांगत नाही, परिस्थिती सांगते. दोघांपैकी कुणाची नोकरी नुकतीच बदलली असेल, रात्रपाळी लागली असेल, तर ऑफिस घ्या. दोन्ही लागू पडत असतील तर दोन्ही वाक्यं लिहून ठेवा आणि ज्याचं नातं आहे त्याला निवडू द्या.

हेच पत्ते मनोरा, उंदीर, पक्षी असे आले असते तर विषय बोलणं राहिला नसता. विषय ऑफिस, ते थकवणारं, आणि त्या थकव्याची भाषा घरातल्या गप्पांत उतरलेली. ‘ऑफिसचा त्रास रोज आपल्या बोलण्यात येतोय.’ पत्ते तेच, पण इथे दुरुस्ती ऑफिसकडून सुरू करावी लागेल.

किमान वीस वेळा तीनच पत्ते काढा. उत्तर आवडलं नाही म्हणून ‘स्पष्टीकरणासाठी’ चौथा, पाचवा काढणं ही नवख्यांची नेहमीची खोड. चौथा पत्ता तिसऱ्याचा अर्थ बदलतो, पाचवा चौथ्याचा, आणि शेवटी आपल्याला हवं ते वाक्य हाती येतं.

पाच पत्ते आणि त्यांचे आरसे

पाचाच्या ओळीत मधला, म्हणजे तिसरा पत्ता विषय ठरवतो. वाचन तीन फेऱ्यांत करायचं: आधी मधला, मग शेजारशेजारच्या चार जोड्या, शेवटी आरसे, म्हणजे पहिला-पाचवा आणि दुसरा-चौथा.

लग्न ठरलेल्या जोडप्याचा प्रश्न घेऊ: ‘साखरपुड्याआधी आम्ही दोघांनी कोणत्या विषयावर बोलून घ्यायला हवं?’ पत्ते: कुत्रा, मासे, अंगठी, घर, ढग. मध्ये अंगठी, म्हणजे बांधिलकीचाच विषय, पत्ते प्रश्नाला धरून आहेत. कुत्रा, मासे: विश्वासाचा माणूस, पैशाच्या बाबतीतला, इथे तक्रार नाही. मासे, अंगठी: पैसा, बांधलेला, म्हणजे हप्ता. अंगठी, घर: लग्न, घराशी जोडलेलं. घर, ढग: घर, धूसर. आता आरसे. कुत्रा आणि ढग: माणसावर विश्वास आहे, तरी काहीतरी नीट कळलेलं नाही. मासे आणि घर: घराचा पैसा. वाक्य होतं: ‘माणूस विश्वासाचा आहे, पण लग्नानंतर राहायचं कुठे आणि त्या घराचा हप्ता कोण भरणार हे मोघम राहिलंय, ते आत्ताच बोला.’ पत्रिका जुळली, याद्या झाल्या, हॉल बुक झाला आणि हा एक विषय दोन्ही घरांनी संकोचापोटी टाळला, असं नेहमी दिसतं.

ढगाच्या छापील चित्रात एक बाजू उजळ आणि एक काळी असते. काळी बाजू ज्या पत्त्याकडे असेल त्यावर गोंधळाची छाया जास्त. विळ्याचंही तसंच: पातं ज्या दिशेला, तिकडचा पत्ता कापला जातो. घरी केलेल्या कॅटवर या दोन पत्त्यांवर बाणाने दिशा काढून ठेवा. एकदा काढली की बदलायची नाही.

नऊ पत्त्यांचा चौकोन

ओळी हातात बसल्या की तीन बाय तीनचा चौकोन घ्या. इथे मधला पत्ता आपण निवडतो. जिव्हाळ्याच्या प्रश्नाला हृदय, लग्नाच्या प्रश्नाला अंगठी, मैत्रीच्या प्रश्नाला कुत्रा. तो कॅटमधून काढून मध्ये ठेवा, बाकीचे ३५ पिसा आणि वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे आठ पत्ते भरत या. डावा उभा रकाना मागे घडून गेलेलं, मधला आत्ताचं, उजवा पुढे सरकत असलेलं. वरची आडवी ओळ मनात उघड चाललेले विचार, खालची ओळ पायाशी असलेलं, न बोललेलं. चार कोपरे एकत्र वाचले की सगळ्या प्रश्नाची चौकट दिसते.

पुरुष किंवा स्त्री यांपैकी पत्ता चौकोनात आला असेल तर तो कोणत्या रकान्यात आहे ते आधी पाहा. डाव्या रकान्यात असेल तर तो माणूस अजून मागच्या गोष्टीत अडकलाय असं वाचतात. दोन्ही आले नाहीत तर अडचण दोघांपेक्षा परिस्थितीत जास्त आहे, असं वाचून पाहा. मांडणी झाल्यावर ‘मध्ये अंगठीऐवजी हृदय ठेवायला हवं होतं’ असं वाटलं तरी बदलू नका. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न म्हणून घ्या.

सगळे ३६: मोठी मांडणी

ही लेनोरमाँची खरी श्रीमंती, पण किमान तीन महिने थांबा. जुनी पद्धत आठ-आठच्या चार ओळी आणि खाली मध्यभागी उरलेले चार पत्ते अशी. नऊच्या चार ओळींची पद्धतही तितकीच चालते. त्यासाठी साधारण दोन फूट रुंद मोकळी जागा लागते. जमिनीवर चादर घालून बसलेलं बरं, पंखा बंद ठेवून.

पहिल्या काही वेळा सगळं वाचायला जाऊ नका, दीड तास जातो आणि डोक्यात काही राहत नाही. तीनच गोष्टी पाहा. पहिली, पुरुष आणि स्त्री कुठे आहेत आणि त्यांच्या मधे कोणते पत्ते आहेत. मधले पत्ते म्हणजे त्या दोघांमध्ये उभं असलेलं सगळं. मधे जहाज असेल आणि एकजण पुण्यात, एकजण न्यू जर्सीत असेल तर अर्थ शोधायची गरजच नाही. दुसरी, दोघं एकमेकांकडे तोंड करून आहेत की पाठ. हे छापील चित्रावर अवलंबून असतं, म्हणून आपल्या कॅटमध्ये कोण कुठे बघतं ते आधी पक्कं करा. एखाद्याच्या नजरेपुढचे पत्ते येणारे, पाठीमागचे मागे पडलेले, डोक्यावरचे मनात घोळणारे. तिसरी, हृदय आणि अंगठी कोणाच्या जास्त जवळ आहेत. शेजारचा पत्ता म्हणजे एक घर, अशी घरं मोजा. जुन्या छापील माहितीपत्रकांत बरंचसं वाचन याच जवळ-लांबच्या हिशेबावर चालतं: साप माणसाच्या जवळ असेल तर त्रास जास्त, लांब असेल तर कमी.

अंगठी स्त्रीच्या शेजारी आणि पुरुषापासून सहा घरं लांब पडली, म्हणजे त्याला लग्न नकोय असा निष्कर्ष काढू नका. लग्नाची काळजी आणि तयारी सध्या एकाच बाजूला पडली आहे का, एवढाच प्रश्न ते विचारतं.

दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं नातं असेल तर आता जोकर काढा. दुसरा पुरुष किंवा दुसरी स्त्री म्हणून एका जोकरवर खूण करा आणि गैरलागू एक्का बाजूला ठेवा. अनेक नव्या छापील कॅटमध्ये यासाठी जादा पत्ते दिलेले असतात. कोण कोणता पत्ता हे पिसण्याआधी लिहून ठेवा. मांडणी झाल्यावर ठरवलं तर चांगली जागा नेहमी आपल्याच वाट्याला येते.

दुसऱ्यासाठी वाचताना

गर्भारपण, आजार, मृत्यू, घटस्फोट यांबद्दल पत्त्यांवरून काहीही सांगू नका. झाड आणि शवपेटी एकत्र आले म्हणून कुणाच्या तब्येतीवर बोलणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. साप दिसला म्हणून ‘दुसरी कुणीतरी आहे’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्या की त्या वाक्याने एखाद्या घरात रात्रभर भांडण होऊ शकतं, आणि सापाचा पहिला अर्थ नुसता गुंता आहे.

बोलता बोलता मारहाण, धमकी, पैसे किंवा फोन काढून घेणं असं काही पुढे आलं तर पत्ते तिथेच गोळा करा. तिथे वाचायचं काही नसतं. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक द्या, आणि त्या व्यक्तीला लगेच फोन करायचा असेल तर शेजारी बसून राहा.

वही

एका पानावर तारीख, प्रश्न, पत्ते क्रमाने आणि त्यांचं एक वाक्य. खाली चार ओळी मोकळ्या. प्रश्नात जी मुदत घातली होती ती संपली की त्या मोकळ्या जागेत खरं काय घडलं ते लिहा. तोपर्यंत तोच प्रश्न पुन्हा काढायचा नाही. दिवसातून तीनदा तोच प्रश्न विचारावासा वाटणं हे अस्वस्थतेचं लक्षण आहे. त्या वेळी वही बंद करून एखाद्या जवळच्या माणसाला फोन करा. वीस-पंचवीस पानं झाली की आपण कोणता पत्ता सतत चुकीचा वाचतो ते दिसू लागतं. बहुतेकांचं अस्वलावर आणि लिलीवर चुकतं, कारण दोन्हींत घरातलं मोठं माणूस दडलेलं असू शकतं: अस्वलात हुकूम चालवणारं, लिलीत समजूतदार.

जोडीने वाचायचं असेल तर प्रश्न दोघांनी मिळून ठरवा, एकाने पिसावं आणि दुसऱ्याने कापावं. पत्ते उघडल्यावर दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. दोघांनी आपापलं वाक्य वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, मग आळीपाळीने वाचायचं. एकजण वाचत असताना दुसऱ्याने मधे बोलायचं नाही, ‘पण पत्त्यात तसं नाहीये’ असंही नाही. वाक्यं जुळली नाहीत तर कुणाचं बरोबर हे पुस्तकात शोधू नका. ज्या पत्त्यावर दोघांचे अर्थ वेगळे झाले त्यावर बोट ठेवा, आणि पुढचा अर्धा तास त्या एकाच पत्त्यावर बोला.